सोपा, पिपा आणि १८ जानेवारी २०१२: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका छोट्या दिवाळी अंकाचं संपादन करतो आणि कॉपीराइट व इंटरनेट या विषयांवर वाचनालयांत, कॉलेजांत बोलायला जातो. सोपा आणि पिपा या अमेरिकन विधेयकांविरुद्ध २०१२ साली विकिपीडियासह हजारो साइट बंद ठेवल्या गेल्या. त्या आंदोलनाचा उल्लेख झाला की तेच ते प्रश्न येतात, नंतर मेलवरही येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, तिथे त्या क्रमांकाचा निर्देश केला आहे.

१. सोपा आणि पिपा म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेच्या संसदेत २०११ साली आलेली ही दोन विधेयकं. 'स्टॉप ऑनलाइन पायरसी अ‍ॅक्ट' म्हणजे सोपा. टेक्सासचे रिपब्लिकन सदस्य लमार स्मिथ यांनी ते २६ ऑक्टोबर २०११ रोजी प्रतिनिधीगृहात मांडलं. 'प्रोटेक्ट आयपी अ‍ॅक्ट' म्हणजे पिपा. ते व्हरमाँटचे डेमोक्रॅट सिनेटर पॅट्रिक लेही यांनी त्याच वर्षी मे महिन्यात सिनेटमध्ये आणलं होतं. दोन्हींचा उद्देश एकच सांगितला जात होता: परदेशात बसून अमेरिकन चित्रपट, गाणी, सॉफ्टवेअर यांच्या चोरट्या प्रती आणि बनावट माल पुरवणाऱ्या वेबसाइटना आळा घालणं.

बरेच जण 'सोपा कायदा' म्हणतात. कायदा कधीच झाला नाही, दोन्ही विधेयकंच राहिली.

२. अमेरिकेत आधीच कायदा होता ना? मग नवा कशाला हवा होता?

होता. १९९८ सालच्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्टप्रमाणे, म्हणजे डीएमसीएप्रमाणे, आपल्या मालाची चोरटी प्रत एखाद्या साइटवर दिसली तर हक्कधारक नोटीस पाठवतो आणि साइट ती प्रत काढून टाकते. साइटने वेळेत काढली, तर वापरकर्त्याच्या चुकीसाठी साइटला जबाबदार धरत नाहीत. यूट्यूबसारख्या सेवा या संरक्षणाच्या आधारावरच उभ्या राहिल्या.

चित्रपट आणि संगीत कंपन्यांची तक्रार अशी की परदेशातल्या साइट या नोटिशींना दाद देत नाहीत. तक्रार खोटी नव्हती. अमेरिकन न्यायालयाचा हात परदेशातल्या साइटच्या मालकापर्यंत पोचत नसेल, तर त्या साइटकडे जाणारे अमेरिकेतले रस्ते बंद करावेत, असा दोन्ही विधेयकांचा विचार होता. रस्ते बंद करायचे ते कसे, यावर पुढचा सगळा वाद झाला.

३. विधेयकात नेमक्या काय तरतुदी होत्या?

सोपाच्या मूळ मसुद्यात दोन वेगळे मार्ग होते आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात.

पहिला मार्ग सरकारचा. अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, न्यायालयातून आदेश मिळवणार. मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी पाच दिवसांत त्या साइटचं नाव उघडेनासं करायचं, सर्च इंजिनांनी तिच्या लिंक दाखवायच्या नाहीत, पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांनी व्यवहार थांबवायचे आणि जाहिरातवाल्यांनी जाहिराती काढायच्या.

दुसरा मार्ग खासगी हक्कधारकांचा. ही साइट 'चोरीला वाहिलेली' आहे अशी नोटीस हक्कधारकाने थेट पेमेंट कंपनीला आणि जाहिरात कंपनीला पाठवायची. साइटमालकाने उलट नोटीस दिली नाही, तर पाच दिवसांत त्याचं उत्पन्न बंद. या टप्प्यावर न्यायाधीश कुठेच नाही. शिवाय एखाद्या कंपनीने आदेशाची वाट न पाहता स्वतःहून साइटशी व्यवहार तोडला, तर तिच्यावर दावा लागू नये अशीही सोय होती.

मला स्वतःला सगळ्यात धोकादायक वाटली ती 'चोरीला वाहिलेली' या शब्दांची व्याख्या. साइटचा एखादा भागसुद्धा त्यात बसू शकत होता. आपल्या साइटवर चोरी होत असण्याची दाट शक्यता आहे याची खातरजमा करायचं मालकाने मुद्दाम टाळलं, एवढंही पुरेसं होतं. याचा अर्थ, इतरांनी काय टाकलंय यावर पाळत न ठेवणारा प्रत्येक फोरम संशयाच्या कक्षेत.

डिसेंबर २०११ मध्ये सुधारित मसुदा आला. त्यात खासगी नोटिशीची पद्धत वगळली आणि काही भाषा सौम्य केली. तोवर लोकांचा विश्वास उडालेला होता.

४. सर्वांत मोठा आक्षेप कोणता होता?

आधी शिक्षा, मग सुनावणी. आक्षेप पुष्कळ होते, पण बहुतेकांच्या मुळाशी हेच होतं.

एखाद्या साइटचं नाव उघडेनासं झालं, पैसे थांबले, जाहिराती गेल्या, शोधात ती दिसेना. एवढं झाल्यावर तिने न्यायालयात जाऊन आपलं म्हणणं मांडावं अशी अपेक्षा. मोठ्या कंपनीला ते जमेल. दोन माणसांनी रात्री जागून चालवलेल्या साइटला नाही. अमेरिकेतला वकील लावायचा म्हणजे किती पैसे लागतात, याचा अंदाज आपल्याकडच्या कुठल्याही छोट्या प्रकाशकाला विचारा.

दुसरा आक्षेप इंटरनेटच्या यंत्रणेबद्दलचा होता (प्रश्न ५). तिसरा असा की लोकशाही देशाने नाव अडवण्याची यंत्रणा उभारली, तर जगातल्या हुकूमशहांना आयतं उदाहरण मिळतं.

५. 'डीएनएस मोडेल' असं अभियंते म्हणत होते. म्हणजे काय?

डीएनएस ही इंटरनेटची पत्त्यांची वही. आपण साइटचं नाव लिहितो, ती वही त्याचा आकडी पत्ता सांगते आणि ब्राउझर तिथे जातो. सोपामध्ये इंटरनेट कंपन्यांना सांगितलं होतं की अमुक नाव विचारलं तर खरा पत्ता देऊ नका.

अडचण अशी की त्याच सुमारास डीएनएसला सुरक्षित करण्याचं मोठं काम चालू होतं. डीएनएससेक नावाच्या त्या पद्धतीत प्रत्येक उत्तरावर एक प्रकारची सही असते, म्हणजे मधल्यामध्ये कुणी खोटा पत्ता दिला तर तो पकडता येतो. बँकेच्या नावाखाली भलत्याच साइटवर नेणाऱ्या भामट्यांपासून यामुळे संरक्षण मिळतं. आता कायद्यानेच उत्तर बदलायला लावलं, तर आपल्या संगणकाने भामट्याचा खोटेपणा आणि कायद्याचा खोटेपणा यांतला फरक ओळखायचा कसा? मे २०११ मध्ये स्टीव्ह क्रॉकर, डॅन कमिन्स्की, पॉल व्हिक्सी आदी पाच तज्ज्ञांनी हा धोका एका निबंधात सविस्तर मांडला. डिसेंबरमध्ये व्हिंट सर्फ यांच्यासह ८३ अभियंत्यांनी संसदेला खुलं पत्र लिहिलं. ज्यांनी इंटरनेट बांधलं तीच माणसं ही.

आणि एवढं करून उपयोग किती? नाव अडवलं तरी आकडी पत्ता चालूच राहतो, शिवाय परदेशातली डीएनएस सेवा निवडायला दोन मिनिटं लागतात. म्हणजे चोराची वाट फार अडत नाही, घराचा पाया मात्र खिळखिळा होतो.

जानेवारी २०१२च्या मध्यावर लेही आणि स्मिथ दोघांनीही या तरतुदीवर माघार घेतली. अभियंत्यांचं म्हणणं चुकीचं असतं तर ती वेळ आली नसती.

६. विरोध करणारे शेवटी चोरांचीच बाजू घेत होते ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, बहुतेकदा रागाने. राग मी समजू शकतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका वर्षी आमचा अंक बाजारात आला आणि चौथ्या दिवशी त्याची संपूर्ण पीडीएफ एका व्हॉट्सअ‍ॅप समूहातून मलाच आली, 'वाचनीय अंक, जरूर पुढे पाठवा' अशा शिफारशीसह. पाठवणाऱ्याला वाटत होतं की तो मराठीची सेवा करतोय. त्या वर्षी लेखकांचं मानधन मी उशिरा आणि कमी दिलं. त्यामुळे पायरसीने कुणाचं नुकसान होत नाही, असं मी कधीही म्हणणार नाही.

तरीही त्या दोन विधेयकांना झालेला विरोध मला योग्य वाटतो. विरोधकांतल्या सिनेटर रॉन वायडन आणि प्रतिनिधी डॅरेल इसा यांनी 'ओपन अ‍ॅक्ट' नावाचा पर्यायी मसुदा मांडला होता. त्यात नाव अडवणं नव्हतं. परदेशी साइटकडे जाणारा पैसा आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगासमोरच्या सुनावणीनंतर थांबवायचा, असं त्याचं सूत्र होतं. चोरांना पाठीशी घालणारे लोक असा मसुदा लिहीत नाहीत.

७. निरपराध साइट बंद पडण्याची भीती काल्पनिक होती का?

नाही. तोवर दोन ठळक उदाहरणं घडून गेली होती.

नोव्हेंबर २०१०मध्ये अमेरिकन सरकारने डॅजझवन डॉट कॉम हा हिपहॉप संगीताचा ब्लॉग जप्त केला. त्यावरची काही गाणी तर प्रसिद्धीसाठी संगीतक्षेत्रातल्याच लोकांनी पाठवलेली होती. वर्षभर डोमेन, म्हणजे साइटचं नाव, सरकारच्या ताब्यात राहिलं, आरोप ठेवलाच गेला नाही, आणि डिसेंबर २०११मध्ये, सोपावर ऐन चर्चा चालू असताना, ते गुपचूप परत देण्यात आलं. एक वर्ष बंद राहिलेला ब्लॉग म्हणजे काय, हे ज्याने काही चालवलंय त्याला कळेल. वाचक थांबत नाहीत.

दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०११चं. कॉपीराइटचं नव्हे, बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांविरुद्धच्या कारवाईचं. मू डॉट कॉम (mooo.com) या नावाखाली हजारो लोकांची छोटी छोटी पानं होती. लक्ष्य एकच होतं, पण सगळं नावच जप्त झालं आणि सुमारे ८४,००० उपनावांवर 'बालशोषणाच्या गुन्ह्यासाठी जप्त' अशा अर्थाचा फलक झळकला. चूक काही दिवसांत दुरुस्त झाली. त्या फलकामुळे ज्यांच्या नावाला डाग लागला, त्यांचं काय?

८. भारतात चालणारी मराठी साइट सोपाच्या कक्षेत आली असती का?

येऊ शकली असती, आणि इथे एक गंमतीदार वाटावा असा पण गंभीर बारकावा आहे.

समजा, पुण्यात सर्व्हर असलेली मराठी गाण्यांच्या चर्चेची एक साइट आहे आणि तिचं डोमेन डॉट इन आहे. न्यू जर्सीतली, बे एरियातली मराठी मंडळी ती वाचतात, वर्गणीही डॉलरमध्ये भरतात. सोपाच्या दृष्टीने ही 'अमेरिकेकडे रोख असलेली परदेशी साइट' ठरू शकत होती. अमेरिकेतल्या लोकांना सेवा मिळते, त्यांना रोखायचा उपाय केलेला नाही, किंमत डॉलरमध्ये दिसते, या गोष्टी त्या व्याख्येत खुणा म्हणून दिल्याच होत्या. कुणा सभासदाने चर्चेत चोरट्या गाण्याची लिंक टाकली असती तर पुढचं प्रश्न ३मध्ये आहेच.

आता तीच साइट डॉट कॉमवर असेल तर? डॉट कॉमची नोंदवही अमेरिकेत ठेवली जाते, म्हणून ती 'देशी' नाव ठरते. तिच्यासाठी सोपा लागतच नव्हता. आधीच्या कायद्यांखाली ती जप्त करता येत होती, डॅजझवनसारखी. स्पेनमधली रोहादिरेक्ता ही खेळांच्या लिंक देणारी साइट स्पेनच्या न्यायालयांत निर्दोष ठरली होती, तरी तिचं डॉट कॉम नाव २०११च्या सुरुवातीला अमेरिकेने ताब्यात घेतलं आणि २०१२च्या ऑगस्टमध्ये परत दिलं.

९. विरोध सुरू कुठून झाला?

सुरुवात संसदेच्या आतच झाली. २०१० साली याच धर्तीचं कोइका नावाचं विधेयक आलं होतं, ते वायडन यांनी अडवलं. पिपाला सिनेटच्या न्यायसमितीने एकमताने मंजुरी दिली, तेव्हाही त्यांनीच ते रोखून धरलं. ओरेगॉनच्या या एका सिनेटरने वर्षभर वेळ मिळवून दिला नसता तर लोकांना जागं व्हायला अवधीच मिळाला नसता, असं मला वाटतं.

१६ नोव्हेंबर २०११ रोजी सोपावर सुनावणी झाली. साक्षीदार सहा, त्यांत उघड विरोध करणारी एकच, गूगलची प्रतिनिधी. त्याच दिवशी गूगल, फेसबुक, ट्विटर, याहू, मोझिला आदी नऊ कंपन्यांचं विरोधाचं पत्र वृत्तपत्रात पानभर छापून आलं. टंबलर या ब्लॉगसेवेने वापरकर्त्यांच्या पानांवरचा मजकूर झाकला आणि थेट आपल्या लोकप्रतिनिधीला फोन लावायची सोय दिली. एका दिवसात ८७,००० हून जास्त फोन गेले.

डिसेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाच्या न्यायसमितीच्या बैठकीत झो लॉफग्रेन, जॅरेड पोलिस, इसा, जेसन चॅफेट्झ या विरोधक सदस्यांनी एकेक दुरुस्ती मांडत कामकाज लांबवलं. डीएनएसबद्दल बोलताना काही सदस्य स्वतःच कबूल करत होते की आम्हाला यातलं तांत्रिक कळत नाही. चॅफेट्झ म्हणाले की मग ज्यांना कळतं त्यांना बोलवा. इतकी साधी मागणी होती.

१०. गोडॅडीचं काय प्रकरण होतं?

डोमेन नावं विकणाऱ्या या मोठ्या कंपनीने सोपाला पाठिंबा दिला होता. डिसेंबर २०११च्या शेवटी रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या लोकांनी आपापली डोमेन तिथून हलवायची मोहीम काढली, २९ तारीख ठरवली. त्याआधीच, २३ डिसेंबरला, कंपनीने पाठिंबा मागे घेतला. विकिपीडियाची नावंही तिथून हलवणार, असं विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी जाहीर केलं.

११. १८ जानेवारी २०१२ला नेमकं काय घडलं?

इंग्रजी विकिपीडिया २४ तास अंधारात गेला. लेखाऐवजी काळ्या पार्श्वभूमीवर 'मुक्त ज्ञानाशिवायचं जग कल्पून पाहा' अशा अर्थाचा संदेश आणि आपला लोकप्रतिनिधी शोधण्याची सोय. रेडिट १२ तास बंद राहिलं. गूगलने अमेरिकेतल्या मुखपृष्ठावर आपलं नाव काळ्या पट्टीखाली झाकलं. हजारो छोट्या साइटनीही आपली दारं लावून घेतली. न्यूयॉर्कमध्ये तंत्रज्ञान क्षेत्रातले लोक चक्क रस्त्यावर उतरले, तिथल्या दोन्ही सिनेटरांच्या कार्यालयासमोर.

आकडे बोलके आहेत. विकिपीडियाचं ते काळं पान १६ कोटींहून जास्त वेळा पाहिलं गेलं आणि ८० लाख लोकांनी त्यावरून आपल्या प्रतिनिधीचा पत्ता शोधला. गूगलच्या निवेदनावर सुमारे ७० लाख सह्या झाल्या. प्रोपब्लिका ही वृत्तसंस्था संसद सदस्यांची मोजदाद ठेवत होती: एका दिवसात समर्थक ८०वरून ६५वर आले आणि विरोधक ३१वरून १०१वर गेले. पिपाचे सहप्रस्तावक असलेले सिनेटर मार्को रुबिओसुद्धा त्याच दिवशी बाहेर पडले.

१२. त्या दिवशी भारतात आणि मराठी विकिपीडियावर काय परिस्थिती होती?

भारतीय वेळेप्रमाणे १८ तारखेला सकाळी साडेदहाला इंग्रजी विकिपीडिया झाकला गेला आणि १९ला सकाळी साडेदहाला उघडला. अंधार जगभरच्या वाचकांसाठी होता, फक्त अमेरिकेसाठी नव्हे. मराठी विकिपीडिया हा स्वतंत्र प्रकल्प आहे. बंदचा निर्णय इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी त्यांच्यापुरता घेतला होता. इंग्रजीची मोबाइलवरची आवृत्तीही चालू ठेवली होती आणि सोपा-पिपावरचे लेख मुद्दाम उघडे होते.

१३. विकिपीडियाने तटस्थ राहायला नको होतं का?

हा प्रश्न संपादकांनीच स्वतःला विचारला होता. १,८०० हून अधिक लोकांनी चर्चेत भाग घेतला. विरोधात बोलणारेही होते. शेवटी ठरलं ते असं: लेख तटस्थ असले पाहिजेत, पण लेख ज्या जमिनीवर उभे आहेत तिच्याबद्दल गप्प बसणं म्हणजे तटस्थता नव्हे. मला हे पटतं. वाचनालयात सर्व मतांची पुस्तकं ठेवावीत. वाचनालयालाच टाळं लागणार असेल तर ग्रंथपालाने बोललंच पाहिजे. इटालियन विकिपीडियाने आदल्याच ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका विधेयकाविरुद्ध असंच केलं होतं.

१४. हे सगळं गूगलसारख्या कंपन्यांनी घडवून आणलं, असं म्हणतात. खरं का?

कंपन्यांचा स्वार्थ होता, पैसाही होता, ते नाकारायचं कारण नाही. अमेरिकन चित्रपटसंघटनेचे प्रमुख ख्रिस डॉड यांनी अंधाराच्या या दिवसाला सत्तेचा गैरवापर म्हटलं. पण समर्थकांची बाजू काही दुबळ्यांची नव्हती. चित्रपट आणि संगीत कंपन्यांच्या संघटना, अमेरिकेचं चेंबर ऑफ कॉमर्स आणि एएफएल-सीआयओ हा कामगार महासंघ, असे एरवी एकमेकांसमोर उभे राहणारे एकाच बाजूला होते.

आणि मूळ काम कुणी केलं ते पाहा. 'डिमांड प्रोग्रेस' या संघटनेतला तरुण आरन स्वॉर्ट्झ कोइकापासून सह्या गोळा करत होता, तेव्हा कुणी लक्ष देत नव्हतं. 'फाइट फॉर द फ्युचर'सारख्या छोट्या गटांनी आंदोलनाचा आराखडा केला. मोठ्या कंपन्या उशिरा आल्या. स्वॉर्ट्झ जानेवारी २०१३मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी गेला. या आंदोलनाचं श्रेय फक्त कंपन्यांना देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

१५. ओबामा सरकारची भूमिका काय होती?

१४ जानेवारीला व्हाइट हाऊसने नागरिकांच्या याचिकेला उत्तर दिलं. परदेशी पायरसीविरुद्ध कायदा हवा, पण अभिव्यक्तीवर गदा आणणारा किंवा डीएनएसशी खेळणारा नको, असा त्याचा आशय. सही करणाऱ्या तिघांत सरकारचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी अनीश चोप्रा होते.

१६. मग विधेयकं मतदानात हरली का?

मतदान झालंच नाही. सिनेटमध्ये २४ जानेवारीला पिपावर मत घ्यायचं ठरलं होतं. २० जानेवारीला बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी ते पुढे ढकललं आणि त्याच दिवशी स्मिथ यांनीही सोपा बाजूला ठेवलं. ती वेळ पुन्हा आली नाही.

मधल्या दिवशी, १९ जानेवारीला, अमेरिकेने मेगाअपलोड ही हाँगकाँगस्थित प्रचंड मोठी फाइल साठवण्याची साइट बंद केली आणि तिचा संस्थापक किम डॉटकॉम याला न्यूझीलंडमध्ये अटक झाली. यासाठी सोपा लागला नाही, तेव्हाचे कायदेच वापरले. नव्या अधिकारांची खरंच किती गरज होती, याचं उत्तर सरकारनेच दिलं.

१७. 'गाणं म्हणून व्हिडिओ टाकला तरी पाच वर्षं कैद' असं तेव्हा फिरत होतं. ते खरं होतं का?

अर्धं. सोपात परवानगीशिवाय केलेल्या प्रसारणाला, म्हणजे स्ट्रीमिंगला, गंभीर गुन्हा ठरवणारं कलम होतं आणि त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती. पण १८० दिवसांत किमान दहा वेळा प्रसारण, ठरावीक रकमेपेक्षा जास्त मूल्य आणि 'जाणूनबुजून' केलेलं उल्लंघन अशा अटी होत्या. स्वयंपाकघरात गाणं म्हणणारी मुलगी सरळ तुरुंगात जाईल, हे म्हणणं अतिशयोक्तीचं होतं. शब्दरचना ढिली होती आणि फिर्यादी वकिलाच्या मर्जीवर बरंच सुटत होतं, हे मात्र खरं. खऱ्या आक्षेपांनी काम भागत असताना विरोधकांनी असे अतिरंजित संदेश फिरवायला नको होते.

२०२०च्या अखेरीस अमेरिकेने स्ट्रीमिंगबद्दल वेगळा कायदा केला. तो व्यवसाय म्हणून चोरटी सेवा चालवणाऱ्यांपुरता आहे, सामान्य वापरकर्त्याला लागत नाही. त्याच्याविरुद्ध कुणी साइट बंद ठेवल्या नाहीत.

१८. युरोपातही असं काही झालं होतं ना?

दोनदा, आणि निकाल वेगवेगळे लागले. पहिल्यांदा अ‍ॅक्टा हा बनावट माल आणि कॉपीराइटभंगाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार. जानेवारी २०१२मध्ये पोलंडच्या शहरांत कडाक्याच्या थंडीत मोर्चे निघाले, पोलिश संसदेत काही सदस्यांनी निषेधाचे मुखवटे घातले. ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने तो ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला.

दुसऱ्यांदा २०१९चा कॉपीराइट निर्देश. आधी त्याचं कलम १३ होतं, शेवटी ते १७ झालं. मोठ्या साइटना अपलोड होण्याआधीच मजकूर तपासायला लावणारी ही तरतूद. पन्नास लाखांच्या आसपास सह्या झाल्या, जर्मन विकिपीडिया एक दिवस अंधारात गेला. तरी २६ मार्च २०१९ला तो ३४८ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर झाला. हे कलम वेगळं मताला टाकायचं की नाही, यावरचं मतदान अवघ्या पाच मतांनी हुकलं.

१९. भारतात साइट अडवायचा असा कायदा आहे का?

सोपासारखा एक कायदा नाही. पण न्यायालयांच्या आदेशांतून परिणाम जवळपास तोच साधला जातो आणि त्यावर अमेरिकेसारखी जाहीर चर्चा कधी झाली नाही. मला याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे अज्ञात व्यक्तीविरुद्धच्या आदेशाला 'अशोक कुमार' आदेश म्हणतात. चित्रपट लागण्याआधी निर्माता असा आदेश मिळवतो. २०१२च्या मे महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या अशा आदेशाच्या आधारे इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ या व्हिडिओ साइटसारख्या अख्ख्या साइट अडवल्या. जूनमध्ये न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं की फक्त त्या त्या लिंक अडवा, साइट नव्हे. एप्रिल २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र पूर्णपणे चोरीवर चालणाऱ्या साइट अख्ख्या अडवायला आणि त्यांच्या नव्या नावांनाही तोच आदेश लावायला मान्यता दिली. २०२३च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनंतर माहिती व प्रसारण मंत्रालयाचे अधिकारीही चित्रपटांच्या तक्रारीवरून ४८ तासांत लिंक काढायला सांगू शकतात.

२०. मुंबई उच्च न्यायालयाने याबाबत काही म्हटलं आहे का?

म्हटलं आहे, आणि ते प्रत्येकाने वाचावं असं आहे. २०१६च्या जुलैमध्ये एका हिंदी चित्रपटासाठी निर्मात्यांनी साइट अडवायचा आदेश मागितला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अख्ख्या साइट अडवायला नकार दिला. प्रत्येक लिंक तपासून, तसं शपथेवर सांगून आणा, मग तेवढ्याच अडवू, असं त्यांनी सांगितलं. शिवाय अडवलेल्या पानावर कारण आणि दाद मागायची माहिती दिसली पाहिजे असंही बजावलं. चार वर्षांपूर्वी अमेरिकेतले विरोधक जे मागत होते, ते मुंबईच्या एका न्यायदालनात काही ओळींत बसलं.

त्याच प्रकरणात पुढे आणखी एक स्पष्टीकरण आलं. अडवलेल्या पानांवर 'ही साइट पाहणं हा गुन्हा आहे' अशा अर्थाचा मजकूर झळकत होता. न्यायालयाने तो बदलायला लावला. चोरटी प्रत नुसती पाहणं हा गुन्हा नाही, ती वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा आहे. म्हणून अंकाची पीडीएफ (प्रश्न ६) वाचणाऱ्यापेक्षा ती पुढे पाठवणारा कायद्याच्या जास्त जवळ आहे.

२१. माझ्या मराठी पुस्तकाची पीडीएफ फिरते आहे. सोपा नको म्हणता, मग मी काय करू?

लिंक नेमकी नोंदवा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. ज्या सेवेवर प्रत आहे तिला कॉपीराइटची लेखी तक्रार करा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ खाली अशी तक्रार आल्यावर सेवेने २१ दिवस प्रत अडवून ठेवायची असते. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा उघडता येते, हे लक्षात ठेवा. सेवा अमेरिकन असेल तर डीएमसीएची नोटीस (प्रश्न २) घरबसल्या, वकिलाशिवाय देता येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर कायद्यापेक्षा माणसाशी बोलणं जास्त चालतं, हे अनुभवाने सांगतो. आमच्या अंकाची पीडीएफ फिरली त्या वर्षी (प्रश्न ६) मी ती पाठवणाऱ्या गृहस्थांना फोन केला आणि अंकाचा कागद, छपाई, मानधन यांचा हिशेब सांगितला. त्यांनी समूहात क्षमा मागितली आणि पाच अंक विकत घेतले. सगळे असे निघत नाहीत. काहींनी मला समूहातून काढूनही टाकलं आहे.

२२. सोपा पुन्हा येतंय का?

त्या नावाने नाही. पण जानेवारी २०२५मध्ये परदेशी पायरसी साइट अडवण्याचं नवं विधेयक प्रतिनिधीगृहात मांडलं गेलं, आणि मांडणाऱ्या झो लॉफग्रेन आहेत. होय, प्रश्न ९मधल्याच, सोपाविरुद्ध रात्रीपर्यंत भांडलेल्या. मला बऱ्याच वाचकांनी हे विश्वासघात म्हणून कळवलं. मी तसं म्हणणार नाही. या मसुद्यात खासगी नोटिशीचा मार्ग नाही, न्यायालयाचा आदेश लागतो आणि तो परदेशी साइटपुरता आहे. मात्र इंटरनेट कंपन्यांबरोबर मोठ्या डीएनएस सेवांनाही तो लागू करायचा विचार आहे. म्हणजे प्रश्न ५मधली शंका जिथल्या तिथे आहे. वाचताना तीन गोष्टी शोधा: साइटमालकाला आदेशाआधी बोलायची संधी मिळते का, चुकून अडवलं गेलेल्याला किती दिवसांत सुटका मिळते, आणि खोटी तक्रार करणाऱ्याला काही किंमत मोजावी लागते का.